पत्रलेखन : वंशावळीसाठी आत्याला पत्र (इयत्ता ५ वी)



२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आपल्याकडं भूमलाही घरोघरी जुने कागद बाहेर निघाले. १९४८ पर्यंत आपला भाग हैदराबाद संस्थानात, म्हणून कितीतरी नोंदी उर्दूत नाहीतर मोडीत. मग वंशावळ जुळवायला भावकीलाच विचारावं लागतं. हाच धागा धरून मी अनौपचारिक पत्र शिकवलं.

मुलांनी घरची वंशावळ वहीत उतरवून आणली. एका मुलीनं विचारलं, "बाई, यात माझं नाव कुठंय?" खरंच, सगळ्या वह्यांत फक्त मुलगेच! मग आम्ही पत्र लिहिलं ते आत्याला.

नमुना :

ती. स्व. आत्यास,
सा. न.
मी आपल्या घराची वंशावळ लिहीत आहे. आजीच्या आईचं नाव काय? तिचं माहेर कोणतं? पणजोबांना बहिणी किती, त्या कुठं दिल्या? नक्की आठवत नसेल तर 'अंदाजे' असं लिही.
तुझी भाची

शिकवताना लक्षात ठेवा :

१. आईवडिलांना 'तीर्थरूप', त्यांच्या बरोबरीच्यांना 'तीर्थस्वरूप'.
२. प्रश्न तीन-चारच, पण नेमके.
३. उत्तर आल्यावर सांगणाऱ्याचं नाव व तारीख लिहून पत्र जपून ठेवा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव येतं. त्याआधीच्या कितीतरी आयांची नावं मात्र आज्यांच्या, आत्यांच्या आठवणीतच आहेत. त्या आहेत तोवर तुमच्या घरूनही एक पत्र जाऊ द्या.