बँकेची कार्डे : रोखीची, उधारीची आणि आगाऊ भरण्याची

ग्रामीण भागातील कित्येक घरांत बँकेचे कार्ड ही पासबुकासमवेत पेटीत जपून ठेवण्याची वस्तू समजली जाते. काही घरांत तेच कार्ड, गुप्त क्रमांकाच्या चिठ्ठीसह, पैसे काढून आणणाऱ्या शेजाऱ्याच्या किंवा दुकानदाराच्या हाती असते. पहिल्या प्रकारात विम्याचा हक्क गमावण्याचा, तर दुसऱ्या प्रकारात खात्यातील पैसाच गमावण्याचा धोका असतो. म्हणून कार्डाचे प्रकार आणि त्यांचे नियम समजून घेणे अगत्याचे आहे.

भारतातील पहिले ए.टी.एम. १९८७ साली मुंबईत सुरू झाले. त्यानंतर दीर्घकाळ कार्ड ही प्रामुख्याने शहरातील सोय राहिली. भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने २०१२ साली ‘रुपे’ हे देशी कार्ड आणले आणि २८ ऑगस्ट २०१४ रोजी प्रधानमंत्री जनधन योजना सुरू झाल्यावर ते खेडोपाडी पोहोचले.

तीन प्रकार

आकाराने सारखी दिसणारी ही कार्डे मुख्यत्वे तीन प्रकारची असतात. कोणाचा पैसा खर्च होतो, हा त्यांतील खरा भेद होय.

डेबिट कार्ड हे रोखीचे कार्ड. त्याने केलेला खर्च तत्काळ खातेदाराच्या बचत किंवा चालू खात्यातून वजा होतो. खात्यात शिल्लक असेल तेवढाच खर्च करता येतो. जनधन खात्यावर मिळणारे रुपे कार्ड याच प्रकारात मोडते.

क्रेडिट कार्ड हे उधारीचे कार्ड. येथे पैसा बँकेचा असतो. बिलाची संपूर्ण रक्कम मुदतीत भरल्यास खरेदीवर व्याज पडत नाही. मात्र या कार्डाने रोख रक्कम काढल्यास त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरली म्हणजे कर्ज फिटले, असा समज सर्वत्र आढळतो. समजा, दहा हजार रुपये बाकी आहेत, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम म्हणून ५०० रुपये भरले. त्यांपैकी सुमारे ३५० रुपये एका महिन्याच्या व्याजातच जातात, त्यावरील कर वेगळा. मूळ कर्ज जेमतेम दीडशे रुपयांनी कमी होते. हा दर वर्षाकाठी ४२ टक्के पडतो.

किसान क्रेडिट कार्ड ही योजना १९९८ पासून राबविण्यात येत आहे. तिच्या खात्यावर मिळणारे कार्ड ए.टी.एम.मध्ये डेबिट कार्डासारखेच चालते. त्यामुळे काढलेली रक्कम आपलीच, असा गैरसमज होतो. वस्तुतः ते पीककर्ज असते. केंद्राच्या व्याज सवलतीचा पूर्ण लाभ मुदतीत परतफेड करणाऱ्या शेतकऱ्यालाच मिळतो.

प्रीपेड कार्डात रक्कम आगाऊ भरावी लागते आणि भरली असेल तेवढीच खर्च करता येते. प्रवासाची व भेट म्हणून दिली जाणारी कार्डे या वर्गातील होत. बचत खात्याशी थेट संबंध नसल्याने असे कार्ड हरवल्यास धोका मर्यादित राहतो.

पेटीतील कार्ड आणि विमा

जनधन खात्याच्या रुपे कार्डावर अपघात विम्याचे संरक्षण आहे. २८ ऑगस्ट २०१८ नंतर उघडलेल्या खात्यांसाठी ते दोन लाख रुपयांचे, तर त्यापूर्वीच्या खात्यांसाठी एक लाख रुपयांचे आहे. परंतु अपघाताच्या आधीच्या ९० दिवसांत कार्डाचा किमान एक यशस्वी वापर झालेला असावा, अशी अट आहे. कमावता माणूस अपघातात गेल्यावर वारस बँकेत जातात आणि कार्ड कधी वापरलेच नव्हते, असे आढळते. वर्षभर पेटीत जपलेले कार्ड त्या घराच्या उपयोगी पडत नाही. दोन महिन्यांतून एकदा त्या कार्डाने थोडी रक्कम काढली, तरी ही अट पाळली जाते.

गुप्त क्रमांक आणि जबाबदारी

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात फसवणुकीच्या नुकसानीची जबाबदारी ठरवून दिली. दोष ग्राहकाचाही नाही व बँकेचाही नाही, अशा वेळी बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळविणाऱ्या ग्राहकावर कोणतेही दायित्व ठेवण्यात आले नाही. विलंब होईल तसे ते वाढते. मात्र गुप्त क्रमांक किंवा ओ.टी.पी. स्वतः दुसऱ्यास सांगितला असेल, तर बँकेस कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकालाच सोसावे लागते. कळविल्यानंतरच्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर येते. म्हणूनच गुप्त क्रमांकाची चिठ्ठी दुकानदाराकडे ठेवणाऱ्या वृद्धेची बाजू नियमानेही दुबळी होते.

खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असणे तितकेच आवश्यक आहे. तो बंद पडलेला असल्यास बँकेचा संदेश पोहोचत नाही आणि तक्रारीस उशीर होतो.

कार्ड हरवल्यास प्रथम बँकेस कळवून ते बंद करून घ्यावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावरही तक्रार नोंदवावी. ए.टी.एम.मधून पैसे न येता खात्यातून रक्कम वजा झाल्यास काय करावे, हे रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात सांगितले आहे. त्यानुसार पाच दिवसांत रक्कम आपोआप परत जमा व्हावयास हवी. त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देय ठरते. बँकेकडे केलेल्या तक्रारीस तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

गावपातळीवरील कार्य

ही माहिती शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यामार्फतच घराघरांत पोहोचू शकते. ग्रामसभेत किंवा बचत गटाच्या बैठकीत प्रत्येक कार्डधारकास तीन प्रश्न विचारले जावेत : कार्ड कोणाच्या हाती आहे? ते शेवटी केव्हा वापरले? खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक कोणाचा आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे खातेदारास स्वतः देता आली, म्हणजे कार्ड खऱ्या अर्थाने त्याचे झाले असे म्हणता येईल.