इंदूर ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

इंदुराहून मुंबई किती दूर आहे? येथील कित्येक मराठी कुटुंबांचे आप्त मुंबईस राहतात. त्यांपैकी कोणाच्या आजारपणाची वार्ता आली, की प्रथम हाच हिशेब मांडावा लागतो. तेव्हा कोणी अंतर पाचशे किलोमीटर सांगतो, कोणी सहाशे, तर कोणी आठशे. विद्यार्थी मित्रहो, हे तिघेही खरेच सांगत असतात. ते कसे, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम नकाशा उघडू. इंदूरचा विमानतळ २२° ४३′ उत्तर अक्षांश व ७५° ४८′ पूर्व रेखांश यांवर आहे. मुंबईचा १९° ५′ व ७२° ५२′ यांवर. अक्षांशांतील फरक ३° ३८′ भरतो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. म्हणून मुंबई इंदूरच्या दक्षिणेस ४०३ किलोमीटर आहे. रेखांशांतील फरक २° ५६′ आहे. रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. त्यामुळे आपल्या भागात रेखांशाचा एक अंश सुमारे १०४ किलोमीटरच भरतो. म्हणजे पश्चिमेकडे ३०५ किलोमीटर झाले. या दोन्ही काटकोन त्रिकोणाच्या भुजा मानून पायथागोरसच्या सिद्धांताने कर्ण काढा. तो सुमारे ५०५ किलोमीटर येतो. हेच सरळ रेषेतील अंतर होय.

ही रेषा विंध्य, नर्मदा, सातपुडा, तापी व सह्याद्री ओलांडते. धुळे व नाशिक यांवरून जाणारी सडक घाटांतून वळणे घेत सहाशेच्या आसपास पोहोचते. रेल्वे मात्र उज्जैन, रतलाम, बडोदे व सुरत असा मोठा वळसा घेते. तिचा मार्ग सुमारे ८३० किलोमीटरांचा आहे आणि प्रवासात रात्र सरते.

आता विमानाचा वेळ काढू. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ५०५ किलोमीटर जाण्यास ३८ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र सुमारे सव्वा तास दिलेला असतो. आमच्या गणितात चूक कोठे झाली? विमान जागेवरून हलते तेव्हापासून ते पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा वेळ त्यात धरलेला असतो. धावपट्टीपर्यंत ते सावकाश चालते, वर चढताना व उतरताना वेग कमी असतो, मुंबईच्या गर्दीत कधी उतरण्यासाठी थांबावेही लागते. म्हणून सरासरी वेग ताशी सुमारे ४०० किलोमीटरच पडतो. त्यात विमानतळावर दोन तास आधी पोहोचणे व मुंबईतील रस्ते जमेस धरले, तर घरापासून घरापर्यंत पाच तास सहज लागतात. निकडीच्या प्रसंगी हाच आकडा मनात धरून निघावे.

वळसा मोडण्याचे कार्य आता हाती घेतले गेले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड ते इंदूर या ३०९ किलोमीटरांच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. मनमाड ते मुंबई सुमारे २६० किलोमीटर मिळवले, तर बेरीज ५७० च्या घरात येते. म्हणजे २६० किलोमीटरांची बचत! विमानाने वेळ वाचतो, पण तो मोजक्यांचाच. आणि वाटेवरील धुळे, सेंधवा ही गावे खालीच राहतात. लोहमार्ग त्यांनाही आपल्याबरोबर घेऊन जाईल. दोन नगरांतील अंतर पृथ्वीने ठरवलेले असले, तरी मार्ग ठरवणे माणसाच्या हाती आहे, हे या गणितावरून ध्यानी घ्यावे.