अपुरें काम दाखविण्याची विद्या

आमच्या खारबावास जसा खाडीकांठच्या भातशेतीचा शेजार आहे, तसा भिवंडीच्या यंत्रमागांचाही आहे. यंत्रमाग म्हटला कीं धोटा, आंस, दांतेरी चक्रें हें सर्व आलें. आणि तें झिजलें कीं नवें घडवून देणारे लेथवालेही आले. त्यामुळें या टापूंतील कित्येक मुलांना कानस धरणें आणि लोखंड कातणें या गोष्टी पुस्तकाआधीं बोटांनींच कळतात. त्यांपैकीं कोणी सुटीच्या दिवशीं घराच्या पडवींत शेगडा बसवितो, आणि पोटासाठीं नव्हे तर केवळ हौसेनें एखादें बाष्पयंत्र किंवा लहानसा लेथ घडवूं लागतो. अशा घरच्या कर्मशाळांविषयीं विद्यार्थ्यांस चार शब्द सांगावे असा आमचा हेतु आहे.

हौशी कारागिराचें काम अडतें कोठें? हत्यारांपाशीं, असा सर्वांचा समज आहे. आमच्या मतें तें एकटेपणापाशीं अडतें. काम पुरें होईपर्यंत झांकून ठेवावें ही आपल्याकडील चाल; मिस्त्रीही हातचें राखूनच शिकवितो. या भागांतील एका वृद्ध जॉबरांनीं मागाच्या टाकाऊ भागांतून लेथ करावयास घेतला होता. कोणी पाहूं लागलें कीं ते त्यावर गोणपाट टाकीत. त्यांच्या मागें तो अर्धा लेथ घरच्यांनीं भंगारवाल्यास किलोच्या भावानें दिला. कारण कोणता भाग कशासाठीं घडविला होता, हें सांगणारा कोणीच उरला नव्हता. त्या लोखंडाची किंमत थोडी होती. त्यामागील वर्षांची मात्र मोजतां येत नाहीं.

दाखविणें म्हणजे मिरविणें नव्हे. समजा, एका मुलानें बिडाच्या नळकांड्यांत पितळेचा दट्ट्या अगदीं बेताचा बसविला. थंड असतांना तो सुरेख सरकतो. वाफ सोडली कीं अडकतो. "दट्ट्या अडकला" एवढेंच त्यानें मित्रास सांगितलें तर मित्र "तेल घाल" म्हणेल. परंतु व्यास २५ मिलिमीटर, नळकांडें बिडाचें, दट्ट्या पितळेचा, थंडपणीं मोकळा, तापल्यावर जाम, असें मांडून दिलें तर पदार्थविज्ञान वाचलेला विद्यार्थी कारण ओळखील. पितळ बिडापेक्षां अधिक प्रसरण पावतें. उष्णता १०० अंश सेल्सियसनें वाढली तर एवढ्या व्यासांत दोहोंमध्यें सुमारें ०.०२ मिलिमीटरचा फरक पडतो. थंडपणीं तितका वाव ठेवला नाहीं, तर दट्ट्या अडकणारच. माप, धातु आणि चुकण्याची वेळ, इतकें लिहिलें कीं परक्याच्या डोक्याचाही उपयोग होतो.

इंग्लंडांत हें काम एका मासिकानें अंगावर घेतलें. पर्सिव्हल मार्शल यांनीं १८९८ सालीं 'मॉडेल इंजिनिअर' काढलें, आणि त्याच वर्षीं लंडनमध्यें अशा हौशी लोकांचें मंडळही उभें राहिलें. ज्यांचा पोटाचा धंदा निराळाच, असे लोक आपलीं घरीं केलेलीं इंजिनें त्यांत वर्णूं लागले.

आपल्या मुंबईंतही त्याच सुमारास शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांनीं तरुणपणींच विज्ञानाचें एक मंडळ स्थापिलें होतें. पुढें लंडनच्या एका नियतकालिकानें किराणा माल तोलणाऱ्या यंत्राच्या आराखड्यासाठीं स्पर्धा लावली. ती भिसे यांनीं जिंकली. त्यानंतर ते लंडनला गेले, तेथें दादाभाई नौरोजींनीं त्यांना साह्य केलें, आणि छपाईचे खिळे पाडण्याच्या त्यांच्या यंत्राचा बोलबाला झाला. त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणून आपण मोकळे होतों. आम्हांस ती पदवी फारशी मोलाची वाटत नाहीं. मंडळ आणि मासिक, म्हणजे कल्पना मांडण्याची जागा, ही अधिक मोलाची वाटते.

आतां कोणी म्हणेल, एक जिवलग मित्र असला म्हणजे पुरे. तो पुरत नाहीं, आणि याचें उत्तम उदाहरण खुद्द यंत्रविद्येंतच आहे. अगदीं सपाट पृष्ठभाग कसा मिळवावा, यावर जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४० सालीं ब्रिटिश असोसिएशनपुढें निबंध वाचला. बिडाच्या एका तुकड्यास निळ्या रंगाचा पातळ थर लावून तो दुसऱ्यावर टेकावा. जेथें रंग उमटेल तो उंचवटा समजून खरवडावा. असें करतां करतां दोन्ही तुकडे एकमेकांस तंतोतंत जुळतात. पण ते सपाट असतीलच असें नाहीं! एक किंचित् फुगीर आणि दुसरा तितकाच खोलगट असला तरीही ते जुळतात. परस्परांची नेहमीं वाखाणणी करणाऱ्या दोघां मित्रांसारखेंच हें आहे. म्हणून तिसरा तुकडा हवा. पहिला फुगीर असेल तर त्याच्याशीं जुळविलेले दुसरा व तिसरा हे दोघेही खोलगट होतात. ते समोरासमोर टेकले कीं कडांनाच रंग लागतो, मध्यें पोकळी राहते, आणि लपलेला दोष उघडा पडतो. मग त्या दोघांच्या कडा सारख्या खरवडून पुन्हा आरंभ करावयाचा. तिघेही आळीपाळीनें एकमेकांशीं सर्वत्र जुळले, तरच तिघेही सपाट. यास दुसरा कोणताही नमुना लागत नाहीं, हें या युक्तीचें सौंदर्य आहे.

ज्यांना हें करून पाहावयाचें असेल त्यांनीं बिडाचे तीन इंची चौरस असे तीन तुकडे घ्यावे. ते कानशीनें जमतील तितके सारखे करावे, आणि पाठीवर छिन्नीनें १, २, ३ असे आंकडे कोरावे. रंग अगदीं पातळ असावा. जाड थर खड्ड्यांतही उतरतो आणि फसवितो. प्रत्येक वेळीं वरचा तुकडा पाव वळसा फिरवून पुन्हा टेकावा, नाहींतर पीळ तसाच राहून जातो. कोणता आंकडा कोणावर टेकला आणि रंग कोठें उमटला, हें त्याच बैठकींत वहींत उतरून ठेवावें.