पाडव्याचा संकल्प आणि गावची तालीम



चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे गुढीपाडवा, हे आपले नवे वर्ष. या सुमारास बहुतेक ठिकाणी गळीत हंगाम संपलेला किंवा संपत आलेला असतो. तोडीची चिंता, वाहनाची वाट, काट्यावरची रांग यांतून डोके जरा मोकळे होते. खोडव्याची कामे असतात, नाही असे नाही. तरी सकाळचा किंवा सांजेचा अर्धा तास मनात आणले तर निघतो. म्हणून आरोग्याचा संकल्प करावयाचा तर ही वेळ चांगली.

संकल्प आपण दरसाल करतोच. पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गूळ-ओवा घालून खातो, 'यंदापासून पहाटे उठायचे' असे ठरवतो, आणि चार दिवसांत 'उद्यापासून बघू की' म्हणतो. असे का होते आणि त्यावर उपाय काय, याचा या लेखात विचार करू.

कष्ट कमी झाले, भूक तीच राहिली

आपल्या वाडवडिलांनी मोट हाकली, बैलांमागे दिवसभर नांगर धरला, बाजारगावाला पायी गेले. आज मोटर मोबाईलवरून चालू होते, नांगरट ट्रॅक्टर करतो, तोड टोळी करते आणि बांधापर्यंत आपण मोटारसायकलवर जातो. हाल कमी झाले, हे चांगलेच झाले. पण जेवण, चहा आणि तंबाखू जुन्याच हिशेबाने चालू राहिली. 'आम्ही शेतकरी, आम्हाला व्यायाम कशाला?' ही समजूतही तशीच राहिली. मग चाळिशीतच रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढतो, गुडघे कुरकुरू लागतात, आणि उसाच्या बिलातला मोठा हिस्सा दवाखान्यात जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या सूचनांप्रमाणे प्रौढ माणसाला आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रम हवेत. म्हणजे श्वास जरा वाढेल पण बोलता येईल असे श्रम. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम हवा. हिशेब केला तर हे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास इतकेच होते. ज्यांचे अंगमेहनतीचे काम आजही भरपूर आहे त्यांचे श्रम यात धरले जातात. त्यांना व्यायामापेक्षा पुरेशी विश्रांती आणि सकस अन्न जास्त जरूर आहे.

जुने छंद टिकले कशाने?

गावची तालीम आठवा. लाल मातीत हळद, तेल, ताक मुरवलेले. पहाटे जोर, बैठका, मग लढत. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, वर वस्तादांचा धाक. एखादा पोरगा दोन दिवस आला नाही तर 'का रे, कुठं होतास?' असे विचारणारे कोणीतरी होते. भजनी मंडळाचे तसेच, लेझीम पथकाचे तसेच. बायकांचा नागपंचमीचा आणि गौरीचा झिम्मा-फुगडीही एकटीने होत नाही. यातले काहीच 'व्यायाम' म्हणून कोणी करत नव्हते. आवड होती, सोबत होती, म्हणून ते चालले आणि शरीर आपोआप घडले.

कराड तालुक्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव अशाच गावच्या मातीतून पुढे आले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी जमा केली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रचार केला. त्यावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनला प्रसिद्ध झाले. या गोष्टी आपल्याच मुलखातल्या आहेत. आज मात्र कित्येक गावांत तालमीला कुलूप आहे, नाहीतर आत खताची पोती आहेत.

एकट्या शेतकऱ्याला कारखाना उभारता आला नसता. भाग भांडवल गोळा केले तेव्हा तो उभा राहिला. सवयीचेही तसेच आहे. एकट्याचा संकल्प चार दिवसांचा. पाच जणांनी मिळून वेळ आणि जागा ठरवली की तो टिकतो.

यंदा काय करावे?

१) पाडव्याला आळीतल्या पाच-सात जणांनी बसून एकच छंद निवडावा. तरुणांनी तालीम किंवा लेझीम, मध्यमवयीनांनी सूर्यनमस्कार, वडीलधाऱ्यांनी पहाटेचा फेरफटका. सावकाश घातलेल्या बारा नमस्कारांना दहा मिनिटेही लागत नाहीत. रक्तदाब, हृदयविकार किंवा गुडघ्याचे दुखणे असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

२) भगिनींनी सणापुरता असलेला झिम्मा आठवड्यातून दोन वेळा घ्यावा. परसात शेवगा, कढीपत्ता, मेथी, पालक लावावा. हात चालतो आणि ताटात भाजीही येते.

३) चहाचा हिशेब करावा. साखर कारखान्याच्या पत्रिकेत हे वाचून काहींना नवल वाटेल, पण सभासद धडधाकट असणे कारखान्यालाही हवेच. दिवसाला आठ कप आणि कपाला दोन चमचे, चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी ६४ ग्रॅम साखर नुसत्या चहातून पोटात जाते. वरून घातलेली साखर साधारण ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमल्यास २५ ग्रॅमवर आणावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. चार कप कमी करा, अर्धे काम झाले. मधुमेह असलेल्यांनी डॉक्टर सांगतील तेच प्रमाण पाळावे.

४) तंबाखू आणि मिश्री यांनी तोंडाचा कर्करोग होतो. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग तोंडात धरावी, पाणी प्यावे, कामाला लागावे. सोडण्यासाठी सल्ला हवा असल्यास १८००-११-२३५६ हा सरकारी फोन क्रमांक मोफत आहे.

५) सर्व एकदम धरू नये. एक सवय बसली की दुसरी.

नांग्या भरणे

सवय बसायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१० साली ९६ जणांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले; कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे पाडव्याला धरलेली सवय साधारण रोहिणी-मृगाच्या सुमारास जम धरते. तोपर्यंत नेट लावावा लागतो. त्याच अभ्यासात असेही दिसले की एखादा दिवस चुकल्याने सवय मोडत नाही.

हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. लागणीत चार ठिकाणी डोळा उगवला नाही म्हणून कोणी सगळा प्लॉट मोडत नाही. नांग्या भरतो आणि पुढे जातो. लग्नसराईत, जत्रेत दोन दिवस बुडाले तर तिसऱ्या दिवशी पुन्हा जावे. सोबत्यांनीही न आलेल्याला हसू नये, त्याच्या दारात जाऊन हाक मारावी.

तेव्हा मंडळी, यंदा गुढी उतरवल्यावर सांजेला तालमीचे कुलूप काढा, पोती हलवा, जागा झाडून घ्या. तालीम नसेल तर देवळाचा ओटा आहे, शाळेचे पटांगण आहे. वेळ ठरवा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे हजर राहा. आपणा सर्वांना नवे वर्ष आरोग्याचे जावो.