खांदा आधी मोकळा करा : स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांसोबतचा योगाभ्यास

स्तनाची शस्त्रक्रिया झाली की बाई तो हात अंगाशी धरून ठेवते. टाके ओढतील, ही भीती. पण खांदा आखडला की वेणी घालता येत नाही, वरच्या फळीवरचा डबा निघत नाही, आणि पुढे रेडिएशनसाठी हात डोक्यावर नेऊन निजायचं असतं, तेव्हा तर फारच हाल होतात. म्हणून या आजारात योगाची सुरुवात खांद्यापासून करावी. आसनं नंतर.

नागपुरातल्या प्रताप नगरच्या बायांना शिकायला लांब जायला नको. रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ आहे. १९५१ पासूनची संस्था, शिकवणं विनामूल्य. मात्र कुठल्याही वर्गात बसण्याआधी आपल्या सर्जनला विचारा : हात किती वर न्यायचा? आजार हाडांत गेला आहे का? पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कशा आहेत? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि योगशिक्षकांना दाखवा. लाजू नका, लपवू तर मुळीच नका.

शस्त्रक्रियेनंतर लावलेली नळी (ड्रेन) निघेपर्यंत एवढंच : मूठ उघडा-मिटा, मनगट फिरवा, कोपर वाकवा-सरळ करा, आणि नाकाने सावकाश श्वास घ्या. हात खांद्याच्या रेषेच्या वर नेऊ नका.

नळी निघाली, डॉक्टरांनी हो म्हटलं, की भिंतीसमोर उभ्या राहा. बोटं भिंतीवर हळूहळू वर चढवा. ताण जाणवला की थांबा, दोन-तीन श्वास घ्या, तसेच खाली या. ताण चालेल, कळ नको. मग पाठीवर निजून दोन्ही हातांत काठी धरा आणि चांगल्या हाताच्या आधाराने दुसरा हात डोक्याकडे न्या. श्वास रोखायचा नाही. काही दिवसांनी खुर्चीवर बसून खांदे फिरवणं आणि भिंतीला पाठ टेकून ताडासन जोडा. केमोमुळे तळपाय बधिर झाले असतील, तर भिंत सोडूच नका.

प्राणायामात अनुलोम-विलोम, कुंभक न करता म्हणजे श्वास न रोखता, आणि भ्रामरी. नाकपुडी धरायला चांगल्या बाजूचाच हात वापरा, नाहीतर दुसरा भरून येतो. कपालभाती आणि भस्त्रिका उपचार संपेपर्यंत बाजूला ठेवा. शेवटी शवासन, शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात उशीवर ठेवून. केमोनंतरच्या थकव्याच्या दिवसांत बाकी सगळं सोडा, पण शवासन आणि श्वास सोडू नका. झोप लागत नसेल तर रात्रीही करा.

हातांवर अंगाचा भार येईल असं काही सुरुवातीला करायचं नाही. पालथं निजून भुजंगासन नको, सर्वांगासनही नको. हाडांत आजार असेल तर पुढे वाकणं आणि पीळ देणं पूर्ण वर्ज्य. पांढऱ्या पेशी कमी असतील त्या दिवसांत वर्गाची गर्दी टाळून घरीच करा. आणि नागपूरचा मे महिना असेल तर सूर्य वर यायच्या आत आटोपा, रेडिएशनच्या कातडीला घाम आणि ऊन सोसवत नाही.

बांगडी किंवा अंगठी घट्ट वाटू लागली, हात जड झाला, तर ती लसिकेची सूज असू शकते, डॉक्टरांना दाखवा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी. केमो चालू असताना ३८ अंश सेल्सियसच्या वर ताप गेला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ८५० महिलांवर केलेल्या योगाच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडले गेले. योगाची जोड मिळालेल्या गटाची स्थिती पुढे चांगली राहिल्याचं त्यात सांगितलं. पण त्या बायांनी रुग्णालयातले उपचारही घेतले होते, योग त्यांच्या जोडीला होता. त्यामुळे औषध बंद करा, नुसत्या योगाने गाठ विरघळेल, असं सांगणारा शिक्षक भेटला तर त्याच्या वर्गात पुन्हा पाऊल ठेवू नका.