मधपेटीच्या दाराशी दहा मिनिटे

आम्ही पहिली मधपेटी आणली तेव्हा उत्सुकता फार होती आणि संयम अगदी थोडा. राणीमाशी दिसते का, तिने अंडी घातली का, मध किती साठला, हे पाहण्यासाठी आम्ही एक दिवसाआड झाकण उघडीत असू. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पेटी रिकामी आढळली. मेणाची पोळी जागच्या जागी होती. माश्या निघून गेल्या होत्या. आपल्याकडील सातेरी माशीला वारंवारचा त्रास सोसत नाही. असा त्रास झाला, अन्न संपले किंवा मुंग्या व मेणकिडा शिरला, तर सबंध वसाहत घर सोडून जाते. पुढे आम्हांला आठवले की, त्याआधी काही दिवस पायांना पिवळे गोळे लावून येणाऱ्या माश्या दिसेनाशा झाल्या होत्या. ते आम्ही पाहिले होते. त्याचा अर्थ मात्र आम्हांला ठाऊक नव्हता. नव्या मधपाळावर ती वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

निरीक्षणासाठी पेटीच्या बाजूला, दोन-तीन हात अंतरावर बसावे. दारासमोर बसू नये; तो माश्यांच्या उड्डाणाचा मार्ग असतो. निरभ्र दिवशी सकाळी दहा मिनिटे पुरेशी आहेत. शेजारी दुसरी पेटी असल्यास दोहोंची तुलना अवश्य करावी.

प्रथम परत येणाऱ्या माश्यांचे मागचे पाय पाहावेत. त्यांवरील रंगीत गोळे म्हणजे परागकण. परागकण हे मुख्यतः अळ्यांच्या संगोपनासाठी लागणारे प्रथिनयुक्त अन्न होय. ते नियमित येत असतील, तर आत अळ्या आहेत आणि राणी अंडी घालीत आहे, असे बहुधा समजावे. पावसाळी दिवशी ते आले नाहीत तर चिंतेचे कारण नाही. परंतु शेजारच्या पेटीत भरभरून येत असताना एकाच पेटीत सलग चार-पाच दिवस येत नसतील, तर राणी नाहीशी झाली असेल किंवा वसाहत स्थलांतराच्या तयारीत असेल. मकरंद आणणाऱ्या माशीच्या पायांवर काही दिसत नाही. तो तिच्या पोटातील मधाच्या पिशवीत असतो.

दुपारी कधी कधी दारासमोर एकाएकी गर्दी उसळते आणि नवशिका घाबरतो. माश्या पेटीकडे तोंड करून हवेत मागेपुढे झुलत असतील आणि थोड्या वेळात सारे शांत होत असेल, तर ते तरुण माश्यांचे सराव उड्डाण होय. आयुष्याचे पहिले सुमारे तीन आठवडे घरातील कामे करणारी कामकरी माशी बाहेर पडण्यापूर्वी अशा रीतीने घराची जागा लक्षात ठेवते. लुटीचे दृश्य निराळे असते. फुलोरा नसलेल्या दिवसांत परक्या माश्या दारासमोर डावीकडे-उजवीकडे घिरट्या घालतात, पेटीच्या फटी हुंगतात आणि तळपाटावर झुंजी होतात. अशा वेळी दार एक-दोन माश्या जातील इतके अरुंद करावे. साखरेचा पाक सायंकाळी, पेटीच्या आतच द्यावा; बाहेर सांडलेला थेंबही लुटीला आमंत्रण देतो.

दारात स्थिर उभ्या राहून पंख हलविणाऱ्या माश्या वायुवीजन करीत असतात. अळ्यांच्या भागात सुमारे ३४ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते. सातेरी माशी हे काम बाहेर तोंड करून करते, तर इटालियन माशी दाराकडे तोंड करून. उन्हाळ्यात पुष्कळ माश्या पंख हलवीत असतील किंवा दाराबाहेर झुबक्याने लटकत असतील, तर पेटीला सावली द्यावी आणि जवळ पाणी ठेवावे.

गांधीलमाशी दारापुढे घुटमळू लागली की, सातेरीच्या पहारेकरी माश्या एकत्र जमून अंग थरथरवितात. शत्रू जवळ आलाच, तर त्याच्याभोवती गोळा करून स्वतःच्या शरीराच्या उष्णतेने त्याला मारतात. तथापि हल्ले रोज होऊ लागल्यास बाहेरची ये-जा थांबते आणि वसाहत उपाशी पडते. म्हणून दार अरुंद करणे व गांधीलमाशीचे घरटे शोधणे हे मधपाळाचे काम आहे.

शेवटी जमिनीकडे पाहावे. दोन-चार मेलेल्या माश्या ही रोजची गोष्ट आहे. परंतु एकाच दिवशी शेकडो माश्या जिभा बाहेर काढून मरून पडल्या, तर जवळपास कीटकनाशक फवारले गेल्याचा संशय घ्यावा आणि शेजारच्या शेतकऱ्याला फुलोऱ्यात फवारणी टाळण्याची, ती अटळच असेल तर सायंकाळी करण्याची विनंती करावी. मेलेल्या अळ्या बाहेर टाकलेल्या दिसल्या, तर रोगाची शक्यता असते. १९९१ पासून थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील असंख्य सातेरी वसाहती नष्ट केल्या, हे विसरता येणार नाही. अशा वेळी पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था किंवा महाबळेश्वर येथील मध संचालनालय यांचा सल्ला घ्यावा.

दार सर्व काही सांगत नाही. ते केवळ कधी आत पाहावयाचे, हे सांगते. परागकण थांबले, लूट सुरू झाली, अळ्या बाहेर पडल्या, तर पेटी उघडावी. एरवी नेमलेल्या तपासणीखेरीज हात आवरावा. दुसऱ्या पेटीपाशी आम्ही एक वही ठेवली. तारीख, हवामान, परागकण, दारातील वर्दळ आणि मृत माश्या, एवढ्याच नोंदी तिच्यात आहेत. झाकण आता क्वचितच उघडते, आणि ती वसाहत अद्याप आमच्यापाशी आहे.