वारंवार मुतखडा होणाऱ्यांनो, गळ्याकडेही बघा

पाणी मी भरपूर पीत होते. हे आधीच सांगते, कारण खडा निघाला की आमच्या डॉक्टरांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "पाणी कमी पडतंय." टोमॅटो, पालक बंद झाले. कुळथाचं कढण झालं, पानफुटी चावून झाली. लेझरनं फोडा, स्टेंट घाला, स्टेंट काढा, बिल भरा.

रक्तातलं कॅल्शियम ११.२ आलं होतं, पुढे बाणही छापलेला. मी विचारलं, तर फाइल मिटत म्हणाले, "थोडं वरखाली होतंच. मोबाइलवर वाचत बसू नका." हाडं दुखतात म्हटलं, तर कॅल्शियमच्याच गोळ्या लिहिल्या! ती मिटलेली फाइल अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पुढे एका एंडोक्रायनॉलॉजिस्ट बाईंनी माझे सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. प्रत्येकात कॅल्शियम वरच. बाई काही बोलल्या नाहीत, नुसतं बोट ठेवत गेल्या. पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड संप्रेरक, तपासलं, १४८ निघालं. वरची मर्यादा ६५. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतल्या एकीत साधी गाठ होती. ती हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढत होती, जादाचं लघवीत उतरत होतं आणि तिथं खडे धरत होते. हे ज्ञान कालपरवाचं नाही. चार्ल्स मार्टेल या अमेरिकन कप्तानाची अशीच गाठ १९३२ साली, सातव्या शस्त्रक्रियेत, छातीत सापडली होती.

खडे होणाऱ्या थोड्यांनाच हा आजार असतो. पण खडे परत परत होत असतील, तर कॅल्शियम, अल्ब्युमिन आणि पीटीएच एकाच वेळी तपासून घ्या. कॅल्शियम जास्त असताना पीटीएच 'नॉर्मल' आलं, तरी ते नॉर्मल नव्हे. ते खाली जायला हवं. ड जीवनसत्त्वही बघा. चोवीस तासांच्या लघवीतलं कॅल्शियम मोजायला सांगा, कारण एका आनुवंशिक प्रकारात ते कमी असतं आणि तिथं ग्रंथी काढायच्या ऑपरेशनचा उपयोग नसतो. स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही म्हणून निदान खोटं ठरत नाही. सर्जन मात्र ही ऑपरेशनं नेहमी करणाराच गाठा. दूध मनानं सोडू नका. रिपोर्ट जपून ठेवा, प्रश्न विचारा, कोणी फाइल मिटली तर दुसऱ्याकडे जा.

ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या, तर लगेच कळवा. कॅल्शियम खाली गेलेलं असू शकतं. आधीचे खडे मात्र विरघळत नाहीत. माझ्या उजव्या मूत्रपिंडात एक अजून आहे, आणि त्याचा खर्चही मलाच करायचाय.